असिस्टेड चाकू: पाते अडकते, अर्धवट थांबते, खिशात उघडते? या चुका टाळा

असिस्टेड ओपनिंग चाकू म्हणजे बटणाचा चाकू नव्हे. बटणाच्या चाकूत मुठीवरचा खटका दाबला की सगळे काम स्प्रिंग करते. असिस्टेड चाकूत सुरुवात बोटानेच करावी लागते. पात्याच्या बुडाशी मुठीबाहेर आलेला फ्लिपर किंवा पात्यावरची अंगठ्याची खुंटी ढकलायची. पाते साधारण २५-३० अंश फिरले की पुढचे स्प्रिंग पाहते. एवढे घेणाऱ्याला ठाऊक असते. लक्षात येत नाही ते हे, की त्या टप्प्याच्या अलीकडे तीच स्प्रिंग पात्याला आत दाबून धरत असते. स्प्रिंग एकच, कामे दोन आणि तीही उलट दिशांची. बहुतेक तक्रारींचे मूळ इथे सापडते.

केरशॉ कंपनीचा ‘लीक’ हा या प्रकारातला फार ओळखीचा चाकू, म्हणून उदाहरणाला तोच घेऊ. ३ इंची पाते, १४सी२८एन नावाचे सहजी न गंजणारे पोलाद, उघडे पाते अडकवून धरणारे फ्रेम लॉक आणि मुठीच्या टोकाला सरकणारे, बंद पात्याचे टोक अडवणारे टिप-लॉक. आतली स्प्रिंग म्हणजे वाकवलेली एक बारीक सळई, टॉर्शन बार. तिचे एक टोक मुठीत अडकलेले, दुसरे पात्याच्या बुडात. चाकूंचे डिझायनर केन ओनियन यांची ही रचना ‘स्पीडसेफ’ नावाने विकली जाते. काही कंपन्या सळईऐवजी गुंडाळीची स्प्रिंग वापरतात, पण दुखणी थोड्याफार फरकाने तीच.

उघडताना

पाते उघडतच नाही अशी तक्रार आली की आधी स्प्रिंगकडे नाही, बोटांकडे बघा. फ्रेम लॉकमध्ये मुठीच्या एका बाजूचीच पट्टी चिरून आत वाकवलेली असते. चाकू घट्ट धरताना मधले बोट आणि अनामिका नेमकी त्या पट्टीवर येतात. पट्टी पात्यावर दाबली जाते आणि फ्लिपर कितीही ढकलला तरी पाते जागचे हलत नाही, किंवा हलून मध्येच थांबते. बोटे पट्टीवरून उचलून मुठीच्या कडेवर ठेवा. नव्या चाकूच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावर मिटतात.

दुसरी खोड म्हणजे फ्लिपर हळूहळू, चाचपत दाबणे. स्प्रिंग सुरुवातीला विरोधात असल्याने पाते थोडे वर येते आणि परत आत जाते. दाब एका दमात, मुठीच्या दिशेने सरळ मागे ओढल्यासारखा द्यावा. त्याच्या उलट, सिनेमात रामपुरी उघडतात तसा मनगटाला झटका देणेही नको. स्प्रिंगच्या जोरात झटक्याची भर पडली की पाते थांबवणाऱ्या पिनेवर दरवेळी जास्तीचा मार बसतो आणि लॉक हवे त्यापेक्षा आत जाऊन रुतते. मग बंद करताना अंगठा दुखेपर्यंत पट्टी ढकलत बसावे लागते. लॉक असे चिकटत असेल तर पात्याच्या ज्या तिरक्या बुडाला पट्टी टेकते तिथे मऊ पेन्सिल दोन-तीनदा घासा. कानस मात्र तिथे लावू नका. एकदा उतार बदलला की लॉक भरवशाचे राहत नाही.

बंद करताना

बोट कापते ते बहुधा इथे. बंद करायला सुरुवात केली की स्प्रिंग विरोध करते, म्हणून माणूस जोर लावतो. शेवटच्या २५-३० अंशांत तीच स्प्रिंग बाजू बदलते, विरोध एकदम संपतो आणि पाते आपणहून आत ओढले जाते. लॉक ढकलणारा अंगठा तोवर पात्याच्या वाटेतच असतो. लॉक सुटून पाते थोडे खाली आले की अंगठा आधी बाजूला घ्या, मग पात्याच्या पाठीवर दुसऱ्या हाताने दाब देऊन बंद करा. एका हाताने बंद करण्याची घाई सवय झाल्यावर.

खिशात उघडणे

फ्लिपर किल्ल्यांत किंवा कापडाच्या घडीत अडकला आणि २५ अंश ओलांडले, की बाकीचे काम स्प्रिंग खिशातच उरकते. टिप-लॉक आहे ते याचसाठी. चाकू खिशात जाताना ते सरकवलेले हवे. पण ते लावलेले विसरून फ्लिपर जोरात दाबू नका. पात्याचे टोक त्या छोट्याशा तुकड्यावर आदळत राहते, त्याचा स्क्रू ढिला होतो आणि पुढे ते आपोआप सरकू लागते. टिप-लॉक नसलेला चाकू क्लिपने खिशाच्या कडेला असा लावा, की पात्याची पाठ खिशाच्या शिवणीला टेकलेली राहील. उघडायचे म्हटले तरी पात्याला जागा मिळत नाही.

पाते संथ झाले किंवा हलते

नवा चाकू सटासट उघडायचा आणि आता पाते अर्ध्यावर थांबते, याची कारणे बहुधा दोनच: मळ किंवा आवळलेला पिव्हट, म्हणजे पाते ज्याभोवती फिरते तो स्क्रू.

मळ म्हणजे खिशातली लव आणि तेल यांचा चिखल. खोबरेल तेल घालणे ही आपल्याकडची हमखास चूक. ते २४-२५ अंश सेल्सिअसखाली थिजते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात चाकू सकाळी जड आणि दुपारी हलका. उन्हाळ्यात तेच चिकट होऊन धूळ धरते. शिवणयंत्राचे पातळ तेल उत्तम. आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून पाते १५-२० वेळा उघडा-मिटा, स्वच्छ पाण्यात खंगाळा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग पिव्हटच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब. त्याहून जास्त नको. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत पात्यापेक्षा स्क्रू आणि आतली सळई आधी गंजते, कारण त्यांचे पोलाद पात्याचे नसते. पावसाळ्यात म्हणूनच वाळवणे महत्त्वाचे.

पाते हलत असेल तर आधी कोणत्या दिशेने ते पाहा. डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्हट ढिला. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकचा किंवा पिनेचा. तिथे पिव्हट कितीही पिळला तरी फरक पडत नाही, उलट पाते संथ होते. पिव्हटचा स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच फिरवायचा आणि दरवेळी उघडून बघायचे. स्क्रू सहसा टी-६ आणि टी-८ मापाचे टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे असतात. मोबाइल दुरुस्तीच्या संचात ही टोके मिळतात. चपटा स्क्रूड्रायव्हर घुसवला की खाच गोल झालीच म्हणून समजा. स्क्रू पुन्हापुन्हा सैल होत असेल तर निळे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) टाचणीच्या टोकाएवढे लावा. लाल लावले तर तो स्क्रू तापवल्याशिवाय सुटणार नाही.

धार आणि टोक

लीकचे टोक फार बारीक आहे. डब्याचे झाकण उचकटायला वापरले की तुटते. रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर धार लावून घेतली तर ठिणग्यांबरोबर धारेचे पाणीही उतरते. साध्या दगडावर दर बाजूला २० अंशांच्या आसपास कोन पुरे. उघड्या पात्याचा फ्लिपर खाली आलेला असतो, म्हणून तो दगडाच्या कडेबाहेर राहील असे धरा. नाहीतर बुडाजवळचा अर्धा सेंटिमीटर बोथटच राहतो.

कायद्याच्या बाबतीत

“लहान चाकू आहे, चालतो” असे धरून चालू नका. भारतात शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघाले की चाकू बाळगण्यावरच बंदी येऊ शकते. दिल्लीच्या अधिसूचनेत यांत्रिक खटक्याच्या चाकूसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी ही मर्यादा आहे, आणि ७.६२ म्हणजे बरोबर ३ इंच. अमेरिकेत २००९ च्या दुरुस्तीने असिस्टेड चाकू केंद्रीय स्विचब्लेड (बटणाचा चाकू) कायद्यातून वगळले. राज्यांचे नियम निराळे. तिथल्या नातेवाइकाने घेतलेला चाकू इंग्लंडमार्गे आणायचा विचार मात्र सोडा. १४ जुलै २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अर्धवट उघडल्यावर स्प्रिंगने पूर्ण उघडणारा चाकूही फ्लिक-नाइफमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या खटक्याच्या चाकूंत मोडतो आणि घरात ठेवणेदेखील गुन्हा आहे.

सळई तुटली तर

एक दिवस ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाते लुळे पडते. टॉर्शन बार तुटला. हा झिजणारा भाग आहे, तुटणारच. चूक होते ती यानंतर. नुसते हाताने उघडायचे म्हणून लोक तोच चाकू खिशात ठेवतात. बऱ्याच असिस्टेड चाकूंत पात्याला बंद धरणारी शक्ती सळईचीच असते. ती गेली की उलटा धरल्यावर पाते आपोआप बाहेर लोंबते. टिप-लॉक नसेल तर असा चाकू खिशात नकोच.

बदली सळई कंपनीकडून मिळू शकते. चाकू खोलल्यावर वॉरंटी राहते का, हे आधी विचारा. खोलायचाच असेल तर पाते पूर्ण उघडून खोला, त्या स्थितीत स्प्रिंगवर ताण कमीत कमी असतो. धारेवर जाड टेप लावा, दर टप्प्याला फोटो काढा, वॉशर कोणत्या बाजूचा ते मांडून ठेवा. जोडताना सळईची दोन्ही टोके आपापल्या भोकात बसल्याची खात्री करूनच मुठीची दुसरी बाजू चढवा. ती बसायला जोर लावावा लागत असेल तर थांबा. टोक भोकाबाहेर आहे, आणि स्क्रू आवळले तर नवी सळई वाकेल.