परदेशात शिकताना दोन दिवसांची शहरसहल: आधी परतीची गाडी ठरवा

आर्वी, दारव्हा, मेहकरकडची पोरं-पोरी आता जर्मनीत शिकायला जातात आणि पहिल्याच सेमिस्टरला विचारतात, "दादा, शनिवार-रविवारी कुठं जाऊ?" त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक एकाच छापाचा असतो: स्वस्त तिकीट दिसलं की काढून टाक, बाकीचं गेल्यावर बघू. चूक भरून काढायला ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्यानं तसं खुशाल करावं. आपल्याला ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यातूनच खोलीचं भाडं, त्यातूनच विमा, आणि ते पैसे बहुतेकदा बापानं कर्ज काढून भरलेले असतात. तरीही सहल कराच. शिकायला एवढ्या लांब गेलात तर आजूबाजूचा मुलूख बघणं हा शिक्षणाचाच भाग आहे. फक्त आखणी शेवटाकडून सुरू करा.

शहर

रेल्वेनं तीन तासांच्या आत पोचता येईल तेच घ्या. म्युनिकहून साल्झबुर्ग, ड्रेस्डेनहून प्राग, फ्रायबुर्गहून स्ट्रासबुर्ग.

कागदपत्रं

मूळ पासपोर्ट आणि मूळ रेसिडेन्स कार्ड (जर्मनीत राहण्याचा परवाना) सोबत हवंच, मोबाइलमधला फोटो चालत नाही. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे आणि पोलीस गाडीत चढून कागद बघतात. या कार्डावर इतर शेंगेन देशांत (एकाच व्हिसा-व्यवस्थेतल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. लंडन आणि डब्लिन त्यात येत नाहीत.

परतीची गाडी

इथं घाई करू नका. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्यानं, आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही.

आपल्याकडं शेवटची एसटी हुकली तर घरी फोन लावायचा, कोणीतरी मोटारसायकल घेऊन फाट्यावर येतं. तिथं रविवारी रात्री अकरा वाजता एखाद्या लहान जंक्शनवर गाडी हुकली तर सकाळपर्यंत थंडीत बसा, नाहीतर हॉटेलात पैसे घाला. म्हणून शहर ठरलं की हॉस्टेल शोधण्याच्याही आधी रेल्वेच्या ॲपमध्ये रविवारची परतीची शेवटची गाडी बघा. मग ती सोडा आणि तिच्या दोन गाड्या आधीची पक्की करा. "अजून दोन तास फिरता आलं असतं" म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

मग गाडी बदलण्याचा वेळ. ॲप बिनधास्त सहा-सात मिनिटं दाखवतं. पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली की पुढचं सगळं कोसळतं, आणि जर्मनीत गाड्यांना उशीर होणं रोजचंच आहे. जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये गाडी बदलायचा किमान वेळ आपल्याला ठरवता येतो. तो वीस मिनिटांच्या खाली आणू नका.

रुळांची कामंही बरेचदा शनिवार-रविवारीच काढतात. तेव्हा मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस असते, तिच्यावर एसईव्ही लिहिलेलं असतं. ती स्टेशनाबाहेरून सुटते आणि जास्त वेळ खाते. महिनाभर आधी बघितलेलं वेळापत्रक म्हणून पुरत नाही, शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी पुन्हा बघायचं.

तिकिटाचंही नीट समजून घ्या. डॉइचलँडटिकिट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांचा मासिक पास, २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंचं आहे, आणि बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर तिकिटातच त्याचा विद्यार्थी प्रकार मिळतो. त्यावर आरई, आरबी, एस-बान या जवळपासच्या गाड्या चालतात, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. सीमेपलीकडं ते साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं, प्रागपर्यंत नाही. चुकीच्या गाडीत सापडलात तर दंड किमान ६० युरो. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास केला आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळं दुसरी हुकली, तर ते सहसा तुमच्याच अंगावर येतं. पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट थोडं महाग असलं तरी तेच काढा.

स्वस्त विमानाच्या मागं तर लागूच नका. फ्रँकफुर्ट-हान विमानतळ फ्रँकफुर्टपासून १२० किलोमीटरवर आहे आणि पॅरिसच्या नावानं विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब. बसचं भाडं आणि पहाटेच्या विमानासाठी जागलेली रात्र धरली की स्वस्तपणा उरत नाही.

आणखी एक: मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनाचे तीन वाजतात. त्या दिवशी एक तास कमी मिळतो, हे आधीच हिशेबात धरा.

मुक्काम

स्टेशनापासून चालत जाता येईल असं हॉस्टेल, आणि लॉकरसाठी स्वतःचं कुलूप.

खाणं

रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी. शनिवारीच ब्रेड, दही, फळं घेऊन ठेवा. घरून आलेली जवसाची चटणी ब्रेडवर दह्यासोबत झकास लागते आणि डब्यात सांडत नाही. दिवसातून एक जेवण तिथल्या हॉटेलात तिथलंच जेवा, ते टाळू नका. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटली घरून न्या.

बघणं

दिवसाला एकच संग्रहालय, बाकी पायी. आपला पासपोर्ट भारतीय आहे म्हणून सवलत मिळणार नाही असं गृहीत धरून पोरं पैसे भरतात. पॅरिसच्या लूव्रमध्ये युरोपियन आर्थिक क्षेत्रात (युरोपियन युनियन आणि नॉर्वेसारखे काही देश) राहणाऱ्या २६ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, आणि तिथं राहणं बघतात, नागरिकत्व नाही. रेसिडेन्स कार्ड दाखवा. लूव्र मंगळवारी बंद असतं.

घरी सांगणं

सहल लपवू नका. किती खर्च ठरवला तो आकडाही सांगा, कारण फोटो कुठून ना कुठून गावात पोचतातच आणि मग आईला दुसऱ्याकडून कळतं. उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेचार. तिथल्या दुपारी दोनला फोन केला तर घरी संध्याकाळ झालेली असते आणि शेतातून सगळे परतलेले असतात.

परतल्यावर

डॉइचलँडटिकिट सोडून वेगळं तिकीट काढलेली गाडी तासाभराहून जास्त उशिरा पोचली असेल तर भाड्याचे २५ टक्के परत मागता येतात, दोन तासांच्या वर ५० टक्के. अर्जाला तीन महिने मुदत असते, पण सोमवारीच भरून टाका. चार युरोंपेक्षा कमी रक्कम मात्र परत देत नाहीत.