डेकहाऊस संपतं तिथे खाली काय आहे?

जहाजाच्या स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये नवा होतो, तेव्हा माझा हिशेब सोपा होता: ताकद हलची, म्हणजे जहाजाच्या खालच्या मुख्य धडाची; वरचं बांधकाम म्हणजे ओझं. पहिल्याच कामात जहाजाच्या मधोमध पसरलेल्या लांबलचक डेकहाऊसचं, म्हणजे डेकवरच्या केबिनच्या घराचं, नुसतं वजन मॉडेलमध्ये टाकलं आणि मोकळा झालो. सीनियरनी ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, "याची मागची भिंत संपते तिथे खाली काय आहे?" खाली काहीच नव्हतं. बल्कहेड, म्हणजे हलमधली आधाराची भिंत, दोन फ्रेम (हलच्या बरगड्या) पुढे होतं.

मग त्यांनी जे समजावलं, ते आधी डोक्यात बसवा, सॉफ्टवेअर नंतर. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की हल कमानीसारखा वाकतो. हे हॉगिंग. वरचा डेक ताणला जातो आणि त्याला वेल्ड केलेला घराचा तळही सोबत ओढला जातो. पण ओढ फक्त तळाला! घर मोकळं असतं, तर ते उलट, झोळीसारखं वाकलं असतं. खालची बल्कहेड्स आणि बाजूच्या भिंती त्याला हलबरोबर वाकायला लावतात. ही सगळी झटापट घराच्या दोन टोकांशी येऊन साचते, म्हणून भेगाही तिथूनच सुरू होतात.

लांब घर मध्यभागी हलचा भार वाटून घेतं. आखूड घर फारसं घेत नाही, टोकांचा त्रास मात्र देतंच. बऱ्याच नियमांत मधल्या ०.४ एल (एल म्हणजे जहाजाची लांबी) भागातलं, ०.१५ एलपेक्षा लांब सुपरस्ट्रक्चर, म्हणजे डेकवरचं बांधकाम, हलच्या ताकदीत धरतात. नेमकी अट आपापल्या क्लासच्या (जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) नियमात बघा, पाठ करू नका.

भार घ्यायचाच नसेल तर घर मध्येच तोडायचं. टायटॅनिकच्या सुपरस्ट्रक्चरमध्ये असे दोन एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे हालचालीला वाव देणाऱ्या फटी, होत्या. माझं मत विचाराल तर हा उपाय फसवा: जॉइंट संपतो त्या बुडाशी ताण पुन्हा गोळा होतो. ॲल्युमिनियमचं घर हा दुसरा मार्ग. त्याचा यंग्ज मॉड्युलस (ताठपणाचं माप) सुमारे ७० गिगापास्कल, स्टीलचा २०६. म्हणजे तेवढ्याच ताणल्या जाण्यात भार तिसरा हिस्सा. पण स्टीलशी जोडायची पट्टी आणि गंज यांची डोकेदुखी सोबत येते.

खिडक्यांचे कोपरे गोल ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या त्या घराची मागची भिंत शेवटी दोन फ्रेम पुढे, बल्कहेडवर आणली. एक केबिन गेली. इंटिरियरवाले बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.