डायलिसिसवरील रुग्णांच्या धमन्या मोजताना

डायलिसिसवरील रुग्णांच्या धमन्या तपासण्याचे काम बरीच वर्षे केल्यामुळे नव्याने येणाऱ्यांना मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगते: या रुग्णांच्या धमनीत दोन वेगळे विकार एकत्र नांदत असतात आणि त्यांची मोजमापेही वेगळी आहेत. अ‍ॅथेरोस्क्लेरोसिसमध्ये धमनीच्या आतल्या थरात मेद साचून प्लाक तयार होतो व वाट अरुंद होते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर फॉस्फेट आणि कॅल्शियमचे संतुलन बिघडते, तेव्हा मधल्या थरात कॅल्शियम बसते आणि वाट मोकळी असूनही धमनी ताठर होते.

ताठरपणासाठी मान आणि जांघ यांमधील पल्स वेव्ह व्हेलॉसिटी, म्हणजे नाडीची लहर धमनीतून पुढे सरकण्याचा वेग, हे प्रमाण माप मानले जाते; धमनी जितकी ताठर तितका हा वेग जास्त. डायलिसिसच्या रुग्णांत हा वेग जास्त असेल तर मृत्यूचा धोकाही जास्त असतो, हे १९९९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी २४१ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले. टोनोमीटर, म्हणजे नाडीची लहर टिपणारे उपकरण, नाडीवर नीट धरायला हात सरावतो. खरी काळजी अंतराची घ्यावी लागते. समजा, मानेपासून जांघेपर्यंतचे थेट अंतर ५० सेंटिमीटर आणि लहर पोहोचण्याच्या वेळेतील फरक ५० मिलिसेकंद आहे. २०१२ च्या तज्ज्ञ-सहमतीनुसार अंतराचे ८० टक्के, म्हणजे ४० सेंटिमीटर, धरले तर वेग सेकंदाला ८ मीटर येतो. पूर्ण अंतर धरले तर तोच १० मीटर होतो, आणि १० ही तर धोक्याची सीमारेषा आहे. म्हणून जुने आकडे पडताळताना अंतर कसे धरले होते, हे आधी पाहावे.

रक्तदाब वाढला की हा वेगही वाढतो, आणि डायलिसिसच्या रुग्णाचा रक्तदाब अंगातील पाण्यावर बराच अवलंबून असतो. त्यामुळे मी आठवड्यातील दोन डायलिसिसमधल्या सर्वांत लांब खंडानंतरचा दिवस टाळून मधल्या डायलिसिसच्या आधी मोजणी करते, रुग्णाला निदान दहा मिनिटे निजवून ठेवते आणि रक्तदाब, वजन व ड्राय वेट (अंगातील जादा पाणी काढल्यावरचे वजन) त्याच कागदावर लिहिते. फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर यांची केलेली जोडणी) असलेल्या हाताला रक्तदाबाचा पट्टा कधीही बांधू नये, ही गोष्ट घाईतही विसरता कामा नये. ठोके अनियमित असतील किंवा जांघेत कॅथेटर असेल, तर ओढूनताणून आकडा काढण्यापेक्षा तसे स्पष्ट नोंदवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

अ‍ॅथेरोस्क्लेरोसिससाठी मानेच्या कॅरोटिड धमनीची सोनोग्राफी करतात. सामाईक कॅरोटिडच्या दूरच्या भिंतीवर, प्लाक नसलेल्या जागी, आतल्या दोन थरांची जाडी मोजतात आणि १.५ मिलिमीटरहून जाड उंचवटा दिसला तर तो प्लाक म्हणून नोंदवतात.

घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर या रुग्णांत फार सावधपणे वाचावे लागते. कॅल्शियममुळे कडक झालेली घोट्याची धमनी पट्ट्याने दबतच नाही, त्यामुळे पायाचा रक्तपुरवठा खरोखर कमी असतानाही आकडा सामान्य किंवा १.४ च्या वर येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा, कारण तिथल्या बारीक धमन्या या कडकपणातून बहुधा सुटलेल्या असतात; अंगठा आणि दंड यांचे गुणोत्तर ०.७ पेक्षा कमी आले, तर घोट्याचा आकडा चांगला दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि तळपाय, टाचा व बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का, तेही पाहून घ्यावे.