स्पॅनिशमध्ये ‘उठायचो’ म्हणताना ‘मे’ गाळू नका

‘मी रोज सहाला उठायचो’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे लेबान्ताबा आ लास सेइस’. ‘उठणे’ म्हणजे ‘लेबान्तार्से’; त्याच्या शेपटीचा ‘से’ सोडवून क्रियापदाआधी आणायचा आणि कर्त्याप्रमाणे बदलायचा: मे, ते, से, नोस, ओस, से. मग उरलेल्या ‘लेबान्तार’चा ‘आर’ काढून त्याजागी कर्त्याप्रमाणे आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच, तरी इथे गोंधळ होत नाही. ‘मे’ की ‘से’ यावरून कर्ता कळतोच. तो चिमुकला शब्द गाळलात तर मात्र ‘लेबान्ताबा’ म्हणजे काहीतरी ‘उचलायचो’! ‘एर’, ‘इर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘आबा’ऐवजी ‘ईआ’ लागतो: मे पोनीआ (अंगात घालायचो), मे बेस्तीआ (कपडे करायचो). आणि ‘काल सहाला उठलो’ला हे रूप चालणार नाही, तिथे ‘मे लेबान्ते’, शेवटच्या ‘ए’वर जोर देऊन.