डोंगरातला वाहत्या पाण्यावरचा वीजप्रकल्प: तयारी, आणि सगळ्यात आधी गाळ

जागा पाहणं, सर्व्हे, जमिनीचे कागद हे सगळेच करतात, ते सांगत बसत नाही. गाळाचे नमुने घेणं मात्र पहिल्याच पावसाळ्यात सुरू करा. अहवालाचं काम निघेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. मागच्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं, आणि ते राहिलंय हे टरबाइन उघडल्यावर कळलं.

आधी पाण्याचा हिशोब. सूत्र शाळकरी आहे: ९.८१ गुणिले प्रवाह गुणिले पडाची (पाणी जितक्या उंचीवरून खाली येतं त्याची) उंची गुणिले कार्यक्षमता, उत्तर किलोवॅटमध्ये. सेकंदाला २ घनमीटर पाणी, २०० मीटर पड आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली की साधारण ३.३ मेगावॅट निघतात. उंची कुठे पळून जात नाही, प्रवाह बदलतो. इथे धरणासारखा साठा नसतो, त्यामुळे नदी देईल तेवढंच मिळतं. म्हणून प्रवाह वर्षभर मोजा, जमलं तर काही वर्षं मोजा. शेजारच्या खोऱ्यातले आकडे क्षेत्रफळाच्या प्रमाणात ओढून आणले तर उन्हाळ्यात तोंडघशी पडाल. नदीत सोडून द्यायचं पर्यावरणीय पाणी सुरुवातीलाच वजा करा. गंगेच्या वरच्या खोऱ्यासाठी २०१८ च्या अधिसूचनेने ते ऋतूप्रमाणे २० ते ३० टक्के ठरवलं. तेवढ्या फरकाने प्रकल्पाचं गणित फिरतं.

आता गाळ. काठावर उभं राहून वरवरची बाटली भरून आणली तर त्यात बारीक माती येते. जाड वाळू तळाजवळून जाते, आणि टरबाइन खाते ती हीच. मधल्या धारेतून, वेगवेगळ्या खोलीवरून नमुने घ्या. पूर चढत असताना घ्या. चढत्या पाण्यात बऱ्याचदा उतरत्यापेक्षा जास्त गाळ असतो, आणि नेमक्या त्या वेळी, भर पावसात, रात्री, कुणी नदीवर जायला तयार नसतं. म्हणून माणूस तिथेच राहील अशी सोय करा. पाणी गाळा, वाळवा, वजन करा, चाळण्या लावा. इथवर बरेच जण येतात. पुढचं टाळतात: त्यातले खनिज ओळखून घ्या. क्वार्ट्झची कठीणता मोहच्या मापावर ७ आहे, टरबाइनचं स्टील त्याहून मऊ. दोन नद्यांत गाळ सारखाच असला तरी एकीत क्वार्ट्झ जास्त असेल, तर ती दुसरीच्या कितीतरी पट लवकर रनर (टरबाइनचं फिरतं चाक) संपवते.

पड जितका उंच, तितकं हे वाईट. ४०० मीटरच्या पडावर पेल्टन टरबाइनच्या नोझलमधून धार सेकंदाला सुमारे ८८ मीटर वेगाने सुटते, आणि झीज ढोबळमानाने वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. नोझलच्या सुईचं टोक खडबडीत होतं, धार फुटते, चाकावरच्या बादल्यांची मधली धारदार कड बोथट होते. वीज कमी कशाने झाली हे शोधत लोक गव्हर्नर (टरबाइनचा वेग सांभाळणारं यंत्र) उघडून बसतात. काचकागदाने घासल्यासारखा तो रनर एकदा पाहिला की बाकी शंका उरत नाही.

गाळ बसवायची टाकी या आकड्यांवरूनच ठरते. ०.२ मिलिमीटरपेक्षा मोठे कण काढायचे, हा नेहमीचा संकेत. पड उंच आणि क्वार्ट्झ भरपूर असेल तर त्याहून बारीक कणही काढावे लागतात, मग टाकी लांबते, आणि डोंगराच्या कडेला तेवढी जागा असतेच असं नाही. गाळ धुऊन काढायला लागणारं जादा पाणी इनटेकच्या (नदीतून पाणी आत घेतो त्या जागेच्या) मापात धरलंय का, हे सल्लागाराला विचारा. लेखी विचारा. सतलजवरच्या १५०० मेगावॅटच्या नाथपा झाकडीला जमिनीखाली प्रचंड गाळकक्ष आहेत, तरीही गाळ हाताबाहेर गेला की संच (टरबाइन आणि जनरेटर) बंद ठेवावे लागतात. तुम्हीही किती गाळाला बंद करायचं ते आधीच ठरवा आणि ते बुडालेले दिवस उत्पन्नातून वजा करा. बँकेला दाखवायचा आकडा त्यानंतरचा.

वरच्या अंगाला काय आहे तेही पाहा: हिमतलाव, दरडी, नवा रस्ता. रस्त्याचा राडारोडा नदीत ढकलला की तुमचे गाळाचे जुने आकडे रद्दी, पुन्हा मोजा. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडच्या चमोलीत खडक आणि बर्फ कोसळून ऋषिगंगा प्रकल्प वाहून गेला, तपोवन विष्णुगडची मोठी हानी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचा दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटला आणि चुंगथांगचं धरण गेलं. प्रकल्पाची हद्द तुमच्या नकाशापुरती असते, नदीची नसते.

बोगदा असेल तर पहिला स्फोट करण्याआधी वरच्या गावातल्या प्रत्येक झऱ्याची धार मोजून ठेवा आणि प्रत्येक घराच्या भेगांचे तारखेसह फोटो काढा, घरमालकाची सही घेऊन. नंतर झरा आटला किंवा भिंत तडकली की पुराव्यावाचून दोन्हीकडच्यांचे हाल.

यंत्रं: उंच पड, कमी पाणी असेल तर पेल्टन, मधल्या पडाला फ्रान्सिस. फ्रान्सिस कमी पाण्यावर फार खराब चालतं, म्हणून एकच मोठा संच नको. रनर आणि सुयांचा जादा संच मूळ ऑर्डरमध्येच घ्या, नंतर मागवलात तर पावसाळा निघून जातो.

रस्त्यावरचा सगळ्यात कमजोर पूल किती वजन पेलतो ते ट्रान्सफॉर्मर ठरवण्याआधी पाहा, नाहीतर एका जड ट्रान्सफॉर्मरऐवजी तीन हलके सिंगल फेज घ्या. वीज बाहेर नेणारी लाइन, तिच्या मनोऱ्यांची वनपरवानगी, सबस्टेशनमधली जागा, हे बांधकामासोबतच चालू करा. संच तयार आणि लाइन नाही, असे प्रकल्प आहेत.

शेवटी चाचण्या: पेनस्टॉकची (टरबाइनकडे पाणी नेणाऱ्या नळाची) दाबचाचणी, पूर्ण लोडवरून अचानक ट्रिप (संच एकदम बंद पाडून पाहणं), इनटेकची झडप वीज नसतानाही मिटते का. खालच्या गावांना भोंगा आणि पाट्या. चालकांना राहायला खोल्या, गरम पाण्यासकट.