नौदलातील डायव्हिंग प्रशिक्षण आणि जुन्या वेटसूटचे माप

नौदलात डायव्हर होण्याची इच्छा असलेली ठाणे, ऐरोली आणि कोपरखैरणे भागातील मुले भेटायला आली की त्यांचे प्रश्न बहुधा श्वास किती वेळ रोखता यावा आणि किती खोल जावे लागते, एवढ्यावरच थांबतात. वेटसूटविषयी, म्हणजे पाण्यात ऊब टिकवण्यासाठी घालायच्या घट्ट रबरी पोशाखाविषयी, क्वचितच कोणी विचारते. प्रशिक्षणात मन कुठे गुंतून पडते हे मात्र पुष्कळदा अंगावरचा सूट ठरवतो, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

वाट थोडक्यात सांगायची तर 2022 पासून खलाशांची भरती अग्निवीर म्हणून होते, प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे आणि डायव्हिंगचे शिक्षण कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये मिळते. वैद्यकीय तपासणीत कान आणि सायनस यांकडे विशेष लक्ष दिले जाते.

पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेते, त्यामुळे हाताला कोमट वाटणारे 28 अंशांचे पाणीसुद्धा बराच वेळ त्यात राहिल्यावर हुडहुडी भरवते. वेटसूट पाणी अडवत नाही. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर तो अंगालगत धरून ठेवतो, आणि निओप्रीनमधील (सूट ज्या फेसाळ रबराचा असतो त्यातील) वायूचे बारीक बुडबुडे शरीराने तापवलेल्या त्या थराची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. सूट ढिला असला की प्रत्येक हालचालीसरशी तापलेले पाणी निघून जाते आणि नवे गार पाणी पाठीवरून उतरते. मुंबई बंदरासारख्या गढूळ पाण्यात जहाजाच्या तळाला कोणी सुरुंग चिकटवला आहे का, हे केवळ हाताने चाचपून शोधायचे असते. तेथे अर्धे लक्ष थंडीकडे गेले, तर शोध अर्धाच होतो.

आमच्या वेळच्या जुन्या सुटांना आतून कापडी अस्तर नसे. उघडे रबर घामेजल्या अंगाला चिकटे, म्हणून टाल्कम पावडर किंवा साबणाचे पाणी लावून, जोडीदाराकडून पाठ ओढून घेत तो चढवावा लागे. नखाने रबर फाटत असल्याने तळव्याने सरकवायची सवय लावली जाई. जॅकेटची मागची पट्टी मांड्यांमधून पुढे घेऊन खटक्यांनी अडकवायची, आणि ती आखूड पडली तर वाकताना खांद्यांवर सारा ताण येई.

असा सूट निवडताना जमिनीवर किती आरामशीर वाटतो, हे पाहू नये. कंबरेच्या वरची पाठीची खोलगट जागा आणि काखा येथे सूट अंगाला टेकला पाहिजे, कारण पाणी साठते ते तिथेच. दोन्ही हात वर करून पूर्ण श्वास घ्यावा; छाती अडली, तर तो सूट परत करावा. गळा मात्र घट्ट नकोच. मानेतील रक्तवाहिनीवर दाब पडला की नाडी मंदावते, भोवळ येते, आणि नवखा मुलगा त्याला पाण्याची भीती समजून बसतो.

वर्षानुवर्षे वापरलेले निओप्रीन कडक होते, त्यातील बुडबुडे चपटे होतात आणि ताण घेण्याची क्षमता जाते. लोक ‘सूट आटला’ म्हणतात, अर्थात काही वेळा सूट तसाच राहून पोट वाढलेले असते. चिमटीत दाबून सोडल्यावर रबर चटकन वर आले नाही, तर त्याची ऊब संपली असे धरावे. अशा सूटची तरंगण्याची ओढही घटते, त्यामुळे नव्या सूटच्या हिशेबाने खाली जाण्यासाठी कंबरेच्या पट्ट्याला शिसे बांधले, तर डायव्हर नको तितका जड होतो. त्यात 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होऊन उरलेले बुडबुडेही दबतात, म्हणून शिशाचा अंदाज त्याच सुटात, आधी उथळ पाण्यात घ्यावा.

भरतीच्या तयारीसाठी मुले ऑनलाइन जुने सूट विकत घेतात, ते मला पटत नाही. निओप्रीन पाय वर उचलून धरते आणि पोहण्यातील कच्चेपणा झाकून टाकते. ठाण्याच्या तरणतलावात साध्या कपड्यांत, हात न वापरता उभ्याने तरंगण्याचा सराव करावा, आणि श्वास रोखण्याचा सराव काठावर लक्ष ठेवणारा माणूस असल्याशिवाय मुळीच करू नये.