शेतकऱ्याकडून बोकड घेऊन वाटे घालताना

आखाड, धुळवड, पोळ्याची कर किंवा गावची जत्रा जवळ आली की सात-आठ घरं मिळून बोकड घ्यायची बोलणी सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: किलोला काय भाव? पण किलो कोणता, ते कुणी विचारत नाही. भरल्या पोटाच्या जनावराचा, रात्रभर उपाशी ठेवलेल्याचा, की सोललेल्या धडाचा? पैसे या एका प्रश्नावर वाचतात किंवा बुडतात. मटणाची चव ठरते ती बोकडाच्या वयावर आणि कापण्याच्या आधीच्या व नंतरच्या एकेका दिवसावर. म्हणून घासाघीस करण्याआधी वजन आणि वेळ ठरवून घ्या.

शेळी दिवसभर चरून आली की चारा आणि पाणी मिळून पोटात तिच्या वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त भर असते. संध्याकाळी काट्यावर ३१ किलो भरलेला बोकड बारा तास चाऱ्याविना ठेवला की सकाळी २८ वर येतो. ३८० रुपये किलोचा भाव धरला तर हे ३ किलो म्हणजे ११४० रुपये, आणि ते नुसत्या चाऱ्या-पाण्याचे. काही जण वजनाआधी मुद्दाम मीठ घातलेला भुस्सा खायला घालून वर भरपूर पाणी पाजतात. पोट डाव्या बाजूला टम्म दिसत असेल आणि जनावर जड चालत असेल तर वजन सकाळी करू असं सांगा. शेतकऱ्याची त्यात अडचण असेल तर भरल्या पोटाचं वजन घ्या, पण भावात आठ-दहा टक्के कमी करून.

उक्ता व्यवहार असेल, म्हणजे काटा न लावता अंदाजाने किंमत ठरणार असेल, तर खिशात शिंप्याचा टेप ठेवा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत अंगाची लांबी मोजा. दोन्ही मापं इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं. घेर २७ आणि लांबी २५ असेल तर साधारण साडेसत्तावीस किलो. बोकड चारही पायांवर सरळ उभा हवा आणि टेप केसांवर सैल नको. घेराचा वर्ग होत असल्याने तिथली एका इंचाची चूक दोन किलोंनी फसवते.

धडाचं (मुंडी, पाय, कातडं आणि पोटातलं काढून जे उरतं त्याचं) वजन जिवंत वजनाच्या किती निघेल, ते अंगावर ठरतं. चांगल्या खाल्ल्या-पिल्ल्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीच्या बोकडाचं उपाशी वजनाच्या ४७-४८ टक्के धड निघतं. हडकुळ्याचं ४२-४३ वर थांबतं. डोळ्यांनी हे कळत नाही, हातांनी कळतं. कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून बघा. मणक्याचे काटे करवतीसारखे लागले तर मांस कमी आहे. हाडं जाणवतात पण बोट भरावावर बसतं, तो बोकड घ्या. हाड लागतच नसेल तर आत चरबी जास्त आहे, आणि चरबीचे पैसेही मटणाच्याच भावाने जातात.

वय दातांवरून बघा. खालचा ओठ हलकेच ओढा (वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच). सगळे बारीक दुधाचे दात म्हणजे अदात, वर्ष-सव्वा वर्षाच्या आतला. मधले दोन मोठे झाले की दोन दाती, चार झाले की साधारण दोन वर्षांचा. रश्शा-सुक्क्यासाठी आठ ते बारा महिन्यांचा, पंचवीस ते तीस किलोंचा अदात बोकड सर्वांत चांगला. त्याहून लहान करडाचं मटण कोवळं असतं, पण पाणचट लागतं आणि हाडाचं प्रमाण वाढतं. चार दातीच्या पुढे कुकरच्या शिट्ट्या वाढवाव्या लागतात. बोकड खच्ची केलेला आहे का, तेही विचारा. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाला उग्र वास येतो आणि तो मटणातही उतरतो. शिंगांच्या मागची कातडी चोळून बोटं हुंगली की लगेच कळतं.

बकरी ईदच्या आधी दोन दातींचे भाव चढतात, कारण कुर्बानीला वर्ष पूर्ण झालेला आणि अव्यंग बोकड लागतो. त्या दिवसांत घ्यायचाच असेल तर अदात घ्या, किंवा शिंग मोडलेला, कान फाटलेला घ्या. असा बोकड कुर्बानीला सहसा घेत नाहीत म्हणून स्वस्त मिळतो. मटणात काही फरक नसतो. श्रावणात गिऱ्हाईक कमी असतं. ज्यांना श्रावण पाळायचा नाही, त्यांनी भाव करायला तोच महिना धरावा.

आता तब्येत. कळपातून बोकड पकडायच्या आधी पाच मिनिटं नुसतं लांबून बघा. इतरांबरोबर खातो का, की कान पाडून कोपऱ्यात उभा आहे? लेंड्या सुट्या आणि कोरड्या हव्यात, शेपटीखाली घाण नको. खालची पापणी उलटून बघा. आतला रंग गुलाबी-लाल हवा. पांढुरका असेल तर पोटात जंत रक्त पीत आहेत, आणि जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत असेल तर ते फारच पुढे गेलेलं असतं. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, लंगडणं, कानाखाली किंवा खांद्यापुढे गाठ यातलं काहीही दिसलं तर दुसरा बघा. शेवटचं इंजेक्शन किंवा जंताचं औषध कधी दिलं, हे विचारायला संकोचू नका. औषधाचा अंश अंगातून जायला वेळ लागतो. प्रत्येक औषधाची मुदत वेगळी असते आणि ती बाटलीवर लिहिलेली असते. शेतकऱ्याला औषध आठवत नसेल तर महिनाभर तरी गेलेला हवा.

एक गोष्ट कुणाच्याही आग्रहाने करू नका: मेलेलं किंवा मरायला टेकलेलं जनावर स्वस्तात मिळतंय म्हणून कापू नका. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर तो फाशी (अँथ्रॅक्स) रोग असू शकतो. हा रोग माणसाला होतो आणि सुरी लावली की जागाही दूषित होते. अशा वेळी हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

पसंत पडला की इसार द्या आणि पाच गोष्टी बोलून घ्या: वजन कधी आणि कोणाच्या काट्यावर, भाव, गाडीभाडं कोणाचं, कातडं कोणाचं (बहुतेक ठिकाणी ते कापणाऱ्याकडे राहतं आणि त्यानुसार त्याची मजुरी कमी होते), आणि पोटात मोठा रोग निघाला तर काय. शेवटचं बोलणं लोक टाळतात आणि मग भांडण त्याच्यावरूनच होतं. एखादी कलेजी टाकावी लागली तर ते नुकसान वाटेकऱ्यांनी सोसायचं. पशुवैद्याने अख्खं धड बाद केलं तर पैसे परत मिळावेत किंवा निम्मे-निम्मे व्हावेत, हे आधी ठरलेलं बरं.

बोकड आदल्या दिवशी आणा. दुचाकीवर पाय बांधून आडवा टाकून आणू नका. त्या जिवाचे हाल होतातच, शिवाय घाबरून धडपडलेल्या जनावराच्या स्नायूंमधली साखर संपते. मग कापल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, मटण काळपट, चिकट राहतं आणि लवकर खराब होतं. मार लागला तर तिथे रक्त साकळतं आणि तो भाग कापून टाकावा लागतो. टेम्पोत खाली पोती किंवा पेंढा घाला, उन्हाची वेळ टाळा. रात्री शांत, कोरड्या जागी बांधा. चारा बंद, पाणी चालू. पाणी प्यायलेल्या जनावराचं कातडंही सहज सुटतं.

कापणं जाणत्या खाटकाकडे आणि परवाना असलेल्या जागीच करा. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर किंवा रस्त्याकडेला नको. शहरांत त्यावर कारवाई होते. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या नियमांत गाभण शेळी आणि तीन महिन्यांखालचं करडू कापायलाही मनाई आहे. वाटेकऱ्यांत कुणाला हलालच लागतं, कुणाला झटका, हे आधीच विचारा. गावात मुलाणी (हलाल पद्धतीने कापणारा) असेल तर पहाटेची वेळ दोन दिवस आधी सांगून ठेवा.

सोलताना चूक बहुतेक वेळा केसांची होते. कातड्याला लागलेला हात मांसाला लागला की केस आणि बोकडाचा वास दोन्ही चिकटतात. म्हणून एक हात कातड्याचा आणि एक मांसाचा, आणि मधे मधे हात धुणं. पोट उघडताना सुरीचं टोक बाहेरच्या बाजूला हवं. आतडं फुटलं तर तो भाग पाण्याने पसरवू नका, कापून काढा. कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी देठाला धरून कलेजीच्या किंचित तुकड्यासकट काढा. ती फुटली तर हिरवा डाग लागलेला भाग लगेच छाटा, धुऊन कडूपणा जात नाही.

कलेजी आणि फोपसं उजेडात बघा. कलेजी गुळगुळीत, एकसारख्या तांबूस रंगाची हवी. नळ्यांतून पानासारखे चपटे कृमी निघाले तर ती टाका. कलेजीवर किंवा फोपशावर पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसले तर तो अवयव कुत्र्याला मुळीच घालू नका. त्या फोडांतले जंतू कुत्र्याच्या पोटात वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती माणसात आली की आपल्याच यकृतात तसे फोड होतात. खोल खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा. धडावर पिवळेपणा, ठिकठिकाणी पू किंवा घाण वास असेल तर वाटे थांबवा आणि पशुवैद्याला दाखवा.

२८ किलोंच्या बोकडातून साधारण साडेतेरा किलो धड निघतं. शिवाय मुंडी पावणेदोन-दोन किलो, चार पाय मिळून पाऊण किलो, साफ केलेली वजडी (पोट-आतडी) पाऊण ते एक किलो, आणि कलेजी, दिल, गुर्दे मिळून अर्धा-पाऊण किलो. हिशोब असा मांडा: २८ गुणिले ३८० म्हणजे १०,६४०. गाडीभाडं आणि मजुरीचे समजा १,२०० धरले तर ११,८४०. मुंडी, पाय, वजडी ज्यांना हवी त्यांनी आपसांत बोली लावून घ्यायची. त्याचे १,२०० आले तर पुन्हा १०,६४० उरतात. धड आणि कलेजी मिळून १४ किलो धरलं तर किलोला ७६० रुपये पडतात. हा भाव दुकानाच्या फार खाली नाही, कधी बरोबरीतही जातो. वाटा घ्यायचा तो एका जनावराचं, डोळ्यांदेखत बघितलेलं मटण मिळावं म्हणून. निम्म्या भावात मिळेल असं कुणी सांगत असेल तर वजन किंवा वय कुठेतरी लपलेलं असतं.

वाटे घालताना आधी धडाचे मोठे भाग वेगळे करा: दोन मांड्या, दोन फरे (खांदे), मान, सीना (छाती), चापा (बरगड्या), कंबर. चिंचेचा ओंडका आणि जड सत्तूर असेल तर हाडाचा चुरा होत नाही. एकेका भागाचे तुकडे करून तो भाग सगळ्या वाट्यांत समान टाका, मग पुढचा भाग घ्या. सगळं एकत्र तोडून ढीग केला की कुणाला मांडी आणि कुणाला नुसती मान जाते. चार पायांच्या वरच्या भागांत मिळून आठ मोठ्या नळ्या असतात, म्हणून आठ वाटे सोयीचे. प्रत्येकाला एक नळी येते. कलेजीचे आणि चरबीचेही आठ भाग करा. तोडण्यात दोन-तीन टक्के घट धरली तर वाट्याला १ किलो ७०० ग्रॅम येतं. शेवटी प्रत्येक वाटा काट्यावर ठेवून पन्नास ग्रॅमच्या आत आणा. मग एकाला पाठमोरं उभं करा आणि वाट्यावर बोट ठेवून ‘हा कुणाचा?’ विचारा. तो नाव घेईल त्याचा वाटा. ज्याने तोडलं त्याला निवडू देऊ नका, त्याच्याही मनाला ते बरं पडतं.

घरी नेल्यावर ताजं मटण लगेच शिजवायचं तर पहिल्या तासा-दोन तासांत चुलीवर चढवा. त्यानंतर स्नायू आखडतात आणि त्या अवस्थेत शिजवलेलं मटण कितीही वेळ दिला तरी चिवट लागतं. बाकीचं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चोवीस तास ठेवा, मगच शिजवा किंवा गोठवा. कापल्याबरोबर डीप फ्रीजरमध्ये टाकलेलं मटण गारठून आकसतं आणि वितळल्यावर पाणी सोडून रबरासारखं होतं. ठेवणीतलं मटण धुऊ नका, धुवायचं ते शिजवायच्या आधी. अर्ध्या किलोच्या पिशव्या भरा, हवा दाबून काढा, चपट्या करा, तारीख लिहा. घरगुती फ्रीजरमध्ये एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त मटणाचा ढीग रचू नका, मधलं मटण गोठायला फार वेळ लागतो. उणे १८ अंशांना तीन-चार महिने चव टिकते.

वजडी आणि रक्ती त्याच दिवशी, कलेजी फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. वजडी आधी गार पाण्यात उलटी करून धुवा, मग हात पोळेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून काळी साल खरवडा. उकळत्या पाण्यात टाकली तर साल पक्की बसते आणि सुटत नाही. मुंडी आणि पाय जाळावर सगळीकडून भाजून, सुरीने खरवडून, खुरांची टोपणं गरम असतानाच उपटा. थंड झाल्यावर ती निघत नाहीत.